चंद्रावरचे सगळेच दगड सुटे

गेल्या रविवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाचनालयात हॅरिसन श्मिट यांच्या एका जाहीर व्याख्यानाची चित्रफीत दाखवली. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून चंद्रावर उतरलेले हे भूवैज्ञानिक. विषय चंद्राच्या खडकांचा, भाषा इंग्रजी, म्हणून मधेमधे थांबवून मी मराठीत सांगत होतो. दोन दिवसांनी एका मुलीचा निरोप आला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिने भूविज्ञान घेतलंय. तिने लिहिलं होतं, "काका, चंद्रावर बारा माणसं चालली, त्यांत भूवैज्ञानिक एकच. बाकीच्या अकरा जणांनीही दगड आणलेच, आता तर यंत्रंही आणतात. मग श्मिट गेले म्हणून असं काय वेगळं झालं? शेवटी दगड तो दगडच ना?" सोबत एका काळ्या दगडाचा फोटो होता आणि हा चंद्रावरून पडलेला असेल का, असा आणखी एक प्रश्न. पहिला प्रश्न त्या दिवशी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर दिसला होता, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो. फोटोचं शेवटी बघू.

"दगड तो दगडच" या शब्दांपाशी मी थबकलो, कारण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही तसंच समजत होतो. बुंदेलखंडच्या ग्रॅनाइटचा नकाशा करायचं काम होतं. दतियाच्या बाजूला एका नाल्याकाठी मला काळा, बारीक दाण्याचा, हाताला जड लागणारा दगड मिळाला. पन्नास पावलांवर आणखी एक, पुढे आणखी दोन, सगळे जवळजवळ एका रेषेत. त्या ग्रॅनाइटमध्ये डोलेराइट या काळ्या अग्निज खडकाच्या डाइक, म्हणजे भेगांत शिरून गोठलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती, घुसलेल्या आहेत आणि त्या बहुधा वायव्येकडे जातात, हे पुस्तकातून माहीत होतं. माझी रेषही वायव्येकडेच जात होती. मी टोपोशीटवर, म्हणजे त्या भागाच्या छापील नकाशावर, डाइक आखली आणि संध्याकाळी तंबूत साहेबांपुढे नकाशा ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "याचं घर पाहिलंस?" पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या रेषेवरून शेवटपर्यंत चालायला लावलं. तीन किलोमीटरवर ती रेष डांबरी रस्त्याला जाऊन मिळाली. रस्त्याच्या कामाची गिट्टी वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची ती जुनी वाट होती. दगड डोलेराइटच होता. नाव बरोबर, दाणा बरोबर, खनिजं बरोबर. फक्त तो जिथे पडला होता तिथला नव्हता, आणि तेवढ्यानेच माझा नकाशा खोटा ठरला. ती रेघ खोडताना कागद फाटला. तो फाटका टोपोशीट मी निवृत्त होईपर्यंत जपून ठेवला होता.

अशा सुट्या दगडाला फील्डवर आम्ही फ्लोट म्हणतो. जो खडक जिथे तयार झाला तिथेच जमिनीतून डोकं वर काढून उभा असतो, तो आउटक्रॉप. आपल्या किल्ल्याचा डोंगर घे. उरवाई दरवाज्याच्या चढावर ज्या कातळात जैन मूर्ती कोरल्यात, तो वाळूचा खडक आपल्या जागी आहे. कुठला थर वर, कुठला खाली, हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं. त्याच कड्यावरून निखळून पायथ्याच्या रस्त्यावर आलेला तुकडा मात्र फ्लोट. त्याची उलटी बाजू कोणती, सुलटी कोणती, हेही आता सांगता येत नाही. पृथ्वीवर फ्लोटचं घर शोधायला पाणी मदत करतं, कारण दगड उतारानेच वाहत येतो. नाल्याने वर वर चालत गेलं की बहुतेक वेळा घर सापडतं.

चंद्रावर सगळंच फ्लोट आहे. हा मुद्दा त्या दिवशी मला सांगायला वेळ मिळाला नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. चार अब्ज वर्षांहून जास्त काळ लहानमोठ्या उल्का चंद्राचा पृष्ठभाग कुटत आल्या आहेत. त्या चुऱ्याला, मातीला, दगडगोट्यांना मिळून रेगोलिथ म्हणतात. काळ्या सपाट भागांत त्याची जाडी चार-पाच मीटर आहे, उजळ डोंगराळ भागांत दहा-पंधरा. मूळ खडक त्याखाली पुरलेला. वारा नाही, पाणी नाही, नाला नाही. आघाताने उडालेला दगड शेजारच्या खड्ड्यातला असेल किंवा शेकडो किलोमीटरवरून आलेला. अपोलो १५ च्या अंतराळवीरांना हॅडली नावाच्या, सुमारे ३०० मीटर खोल घळीच्या पलीकडच्या काठावर लाव्ह्याचे थर जागच्या जागी दिसले. चंद्रावर माणसाने पाहिलेला अस्सल आउटक्रॉप म्हणावा तर तोच, आणि त्या भिंतीवर उतरणं शक्य नव्हतं. सहा मोहिमांत मिळून ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आली, ती जवळपास सगळी सुटी.

म्हणजे तिथे जाणाऱ्याचं काम दगड उचलणं एवढंच नव्हतं. त्या दगडाचं घर कुठे असेल याचा पुरावा, दगड उचलण्याच्या आत, अंगावर फुगलेला पोशाख आणि मनगटावर घड्याळ असताना गोळा करायचा होता.

घर माहीत नसलेल्या दगडातूनही प्रयोगशाळा खूप काही काढू शकते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. १९६९ मध्ये अपोलो ११ ने आणलेल्या मातीत काळ्या बेसॉल्टच्या चुऱ्याबरोबर थोडे पांढरे कण निघाले. ते अॅनॉर्थोसाइटचे होते, म्हणजे जवळजवळ निव्वळ प्लॅजिओक्लेज या हलक्या खनिजाचे. जॉन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्या कणांवरून फार मोठी उडी घेतली. हे कण उजळ डोंगराळ भागातून उडून आले असणार, तो सगळा भाग याच खडकाचा असणार, आणि इतकं हलकं खनिज साऱ्या चंद्रावर सायीसारखं वर यायचं तर चंद्र एके काळी वरून खोलपर्यंत वितळलेला असणार. शिलारसाचा समुद्र! दूध आटवताना साय धरते तसं हलकं खनिज वर, आणि ऑलिव्हिन-पायरॉक्सिनसारखी जड खनिजं तळाला. मिलिमीटरभर कणांवरून मांडलेली ही कल्पना आज पन्नासहून जास्त वर्षं टिकून आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं विक्रम ६९ अंश दक्षिणेला उतरलं. प्रज्ञानने सुमारे शंभर मीटरच्या फेरफटक्यात २३ ठिकाणी मातीची रासायनिक तपासणी केली, तेव्हा तिथेही लोहयुक्त अॅनॉर्थोसाइटशी जुळणारीच माती निघाली. ते उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेलं. याच संस्थेतल्या देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या मूळ नमुन्यांवरही काम केलं होतं.

आता ते बाकीचे अकरा जण. त्यांना कमी लेखू नकोस. युजीन शूमेकर यांनी चंद्राच्या भूविज्ञानाचा पाया घातला. त्यांना स्वतःलाच चंद्रावर जायचं होतं, पण अॅडिसनच्या आजाराने ती वाट बंद केली. त्यांनी आणि पुढे ली सिल्व्हर यांच्यासारख्या फील्डवरच्या शिक्षकांनी लढाऊ विमानांच्या वैमानिकांना डोंगरदऱ्यांत हिंडवून दगड बघायला शिकवलं. त्याचं फळ म्हणजे अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट. रोव्हर या चांद्रगाडीतून परतताना त्यांना मातीवर एकटाच पडलेला, भोकाभोकांचा काळा बेसॉल्ट दिसला. वेळापत्रकात थांबायला परवानगी नव्हती. त्यांनी सीट-बेल्ट नीट करायचा आहे असं सांगून गाडी थांबवली, उतरून दगडाचे फोटो घेतले, दगड घेतला आणि पुढे निघाले. साथीदार जेम्स आयर्विन तेवढा वेळ आजूबाजूच्या खड्ड्यांचं वर्णन करत राहिले. त्या दगडाचं नावच पुढे सीट-बेल्ट बेसॉल्ट पडलं. दख्खनच्या बेसॉल्टमधली अशी भोकं झिओलाइटने, गारेने भरलेली असतात, कारण तिथे पाणी झिरपतं. गुना शहराच्या पलीकडे गेलीस की हवी तेवढी बघायला मिळतील. स्कॉट यांच्या दगडातली भोकं रिकामी आहेत. एका दगडात चंद्राचा एवढा मोठा गुण दिसतो, आणि तो उचलायला हवा हे एका वैमानिकाला कळलं. याच मोहिमेत स्कॉट आणि आयर्विन यांनी अॅनॉर्थोसाइटचा तो प्रसिद्ध पांढरा खडाही ओळखून आणला.

मग श्मिट कशासाठी? ते अमेरिकन भूसर्वेक्षण खात्यातले, १९६५ मध्ये शास्त्रज्ञ-अंतराळवीर म्हणून निवडलेले. विमान चालवायला ते नंतर शिकले. त्यांची पाळी खरं तर अपोलो १८ वर येण्यासारखी होती. ती मोहीमच रद्द झाली, तेव्हा वैज्ञानिकांनी जोर लावला आणि जो एंगल यांच्या जागी श्मिट यांना शेवटच्या मोहिमेत घेतलं. एंगल यांच्या वाट्याला काय आलं असेल याची मला नेहमी हळहळ वाटते. पण त्या जागेचं काय सोनं झालं, ते आता सांगतो.

उतरण्याची जागा म्हणजे टॉरस-लिट्रो ही दरी, सेरेनिटाटिस या मोठ्या काळ्या मैदानाच्या आग्नेय काठावर. दोन बाजूंना दोन-दोन किलोमीटर उंचीचे डोंगर. ही जागा निवडताना मनात एक आशा होती. दरीतला भाग आजूबाजूपेक्षा जास्त काळा दिसत होता, आणि अपोलो १५ च्या वेळी वरून फिरणाऱ्या अल वर्डन यांना तिथे राखेच्या शंकूंसारखे आकार दिसले होते. चंद्रावर अलीकडच्या काळात ज्वालामुखी झाला असेल तर तो इथे सापडेल, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. दरीतल्या शॉर्टी नावाच्या, सुमारे ११० मीटर रुंदीच्या खड्ड्यावरही ज्वालामुखीचं तोंड असल्याचा संशय होता.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत, परतीच्या वाटेवर, श्मिट आणि यूजीन सर्नन शॉर्टीच्या काठाशी पोहोचले. हाताशी अर्धा तास, फार तर थोडा जास्त. रोव्हर बंद पडला तर उरलेल्या प्राणवायूवर चालत यानापर्यंत पोहोचता आलं पाहिजे, असा नियम होता आणि घड्याळ त्याच हिशेबाने चालत होतं. श्मिट काठावर वावरत होते. बुटाने करडी माती उधळली आणि खाली रंग दिसला. केशरी. करड्या-काळ्या जगात केशरी! परावर्तनाने त्यांना आधी एकदा फसवलं होतं, म्हणून त्यांनी पहिल्यांदा तेच तपासलं, की कुठल्या चकाकीमुळे तर असं दिसत नाही ना. नाही, माती खरोखरच केशरी होती. सर्नननेही येऊन पाहिलं.

पुढच्या काही मिनिटांत त्यांनी जे केलं ते तू वहीत उतरवून घे. केशरी मूठभर पिशवीत टाकून ते थांबले नाहीत. त्या पट्ट्याला आडवा चर खणला, म्हणजे केशरी कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते उघडं पडलं. केशरीचा नमुना घेतला आणि दोन्ही बाजूंच्या करड्या मातीचेही वेगळे घेतले. जवळच्या मोठ्या बेसॉल्टचे तुकडे घेतले. मग त्या केशरीतच नळी ठोकून सुमारे सत्तर सेंटिमीटर खोलपर्यंतचा उभा नमुना काढला. नळीच्या खालच्या टोकाला माती काळीकुट्ट निघाली. जोडीला चारी बाजूंचे फोटो. चालू मिनिटाला काय दिसतंय, कशाला टेकून काय आहे, याचं तोंडी वर्णन अखंड सुरू होतं.

त्या क्षणी श्मिट यांचा अंदाज असा होता, की इथून ज्वालामुखीच्या गरम वाफा निघाल्या असाव्यात आणि त्यांनी माती गंजवली असावी. आशाही तीच होती. अंदाज चुकला. प्रयोगशाळेत ती माती म्हणजे केसाहून बारीक काचेचे मणी निघाले. सुमारे ३.६ अब्ज वर्षांपूर्वी चंद्राच्या पोटात काही शे किलोमीटर खोलवरून आलेला शिलारस वायूंच्या जोराने कारंज्यासारखा उडाला, त्याचे थेंब उडता उडताच गोठले आणि पावसासारखे पडले. रंग केशरी झाला तो गंजामुळे नव्हे, काचेत भरपूर टायटॅनियम असल्यामुळे. खालचे काळे मणी त्याच रसाचे, पण जरा सावकाश निवाले म्हणून त्यांच्यात बारीक स्फटिक धरले. मग त्या थरावर लाव्हा पसरला आणि त्याने थराला झाकून ठेवलं. शॉर्टी हा साधा आघाताचा खड्डा. त्या आघाताने अगदी अलीकडे, चंद्राच्या हिशेबाने काल-परवाच, तो थर उकरून काठावर टाकला. म्हणजे केशरी माती हीसुद्धा फ्लोटच. पण तिचं घर कळलं, कारण शेजाऱ्यांचे नमुने होते, क्रम होता आणि खोलीही होती.

मला सगळ्यात जास्त मोल वाटतं ते याचं. श्मिट यांचा अंदाज चुकला, तरी त्यांनी नमुने असे घेतले, की त्यांचाच अंदाज खोडता यावा. माझी दतियाची डाइक वर्षानुवर्षं नकाशावर राहिली असती, कारण मी खोडण्यासारखं काही आणलंच नव्हतं. भूवैज्ञानिकाची परीक्षा मी पुढे आयुष्यभर याच एका गोष्टीवरून घेत आलो.

त्या मण्यांची कहाणी तिथे संपली नाही. चंद्र हाडासारखा कोरडा आहे, असं अपोलोनंतर तीसहून जास्त वर्षं शिकवलं जात होतं, मीही तसंच शिकलो. २००८ मध्ये अल्बर्टो साल आणि सहकाऱ्यांनी अपोलोच्या अशाच मण्यांमध्ये पाण्याचा अंश मोजला. २०११ मध्ये या केशरी मण्यांतल्या स्फटिकांत बंदिस्त झालेल्या शिलारसाच्या थेंबांत त्याहून बरंच जास्त पाणी मिळालं. त्याच सुमारास, २००९ मध्ये, चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि पाण्याच्या खुणा दाखवल्या. ते पाणी निराळ्या प्रकारचं आहे, दोन्हींची गल्लत करू नकोस. पण चंद्राच्या पोटातल्या पाण्याचं दार त्या अर्ध्या तासातल्या चराने उघडलं.

आता तिसरा दिवस. उत्तरेच्या डोंगराच्या उतारावर एक प्रचंड दगड, घरंगळून पाच तुकडे झालेला. व्याख्यानात त्याच्या शेजारी उभे असलेले श्मिट किती लहान दिसत होते, आठवतं ना? त्याच्यामागे वर डोंगरावर त्याच्या घरंगळण्याची चाकोरी स्पष्ट दिसते, सुमारे अर्धा किलोमीटर लांब. तिच्या वरच्या टोकाला त्याचं घर. सबंध चंद्रावर इतका चांगला पत्ता लिहिलेला दगड दुसरा नसेल! विश्वकिरणांच्या खुणांवरून तो सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वी तिथे येऊन पडला असं निघालं. तेवढ्या काळात पृथ्वीवर डोंगर झिजतात, नद्या पात्रं बदलतात. तिथे चाकोरीसुद्धा पुसली गेली नाही.

त्यानंतरच्या, सातव्या थांब्यावर मिनिटं पंचविसाच्याही आत. तिथेही एक मोठा दगड होता. त्यात चार गोष्टी एकात एक गुंतलेल्या होत्या. एक पांढुरका खडा, त्याला चिरत गेलेल्या बारीक काळ्या शिरा, दोन्हींना पोटात घेणारा निळसर-करडा ब्रेशिया (चुरडलेले तुकडे सांधून झालेला खडक), आणि त्यालाही पोटात घेणारा भोकाभोकांचा हिरवट-करडा खडक. जो दुसऱ्याला चिरतो तो नंतरचा, आणि जो दुसऱ्याच्या पोटात असतो तो आधीचा. पहिल्या वर्षाला तू पाठ केलेले हेच दोन नियम. या चौघांचे वेगवेगळे नमुने, कोण कोणाला चिरतो या नोंदीसह, तेवढ्या मिनिटांत निघाले. पांढुरका खडा ४.३ ते ४.४ अब्ज वर्षं वयाचा, म्हणजे चंद्राच्या बालपणीचा. त्याला गिळणारे वितळलेले ब्रेशिया सुमारे ३.९ अब्ज वर्षांचे, महाकाय आघातांच्या काळातले. एका दगडात अर्धा अब्ज वर्षांचा क्रम. हे चार तुकडे कोणी नुसते पिशवीत भरून आणले असते, तर वयं निघाली असती. आधी कोण नंतर कोण हा संबंध निघाला नसता.

दक्षिणेच्या डोंगरावरून आलेल्या दरडीबद्दल लिहायला बसलो तर हे उत्तर संपणार नाही. एवढंच सांगतो, की ती दरड दूरवरच्या टायको खड्ड्यातून उडालेल्या दगडांच्या माऱ्याने कोसळली असावी, आणि त्यावरून टायकोचं वय सुमारे दहा कोटी वर्षं धरतात. कोजागरीला दूध आटेपर्यंत वर बघशील तेव्हा चंद्राच्या दक्षिण भागात, जिथून पांढरे किरण पसरलेले दिसतात, तो टायको. त्या दरडीतून काढलेली एक नळी चंद्रावरच निर्वात अवस्थेत बंद केली होती. ती २०२२ मध्ये उघडली. पुढे येणाऱ्यांची उपकरणं आपल्यापेक्षा चांगली असतील, म्हणून पन्नास वर्षं कुणीतरी हात आवरला. मला याचं फार कौतुक वाटतं.

तू म्हणशील, हे सगळं लांबचं, ग्वाल्हेरात बसून मी काय करू? शिवपुरी जिल्ह्यात पिछोरकडे भौंतीजवळ ढाला नावाची जागा आहे. ग्रॅनाइटच्या प्रदेशात मधोमध सपाट माथ्याची टेकडी, भोवती चुरडलेल्या ग्रॅनाइटचं कडं. तिथल्या वितळून गोठलेल्या खडकांना बरीच वर्षं ज्वालामुखीचे खडक समजत. मग जयंत पती आणि सहकाऱ्यांनी पातळ काप करून क्वार्ट्झच्या कणांत समांतर बारीक पट्ट्या दाखवल्या. तशा पट्ट्या ज्वालामुखीने पडत नाहीत, उल्केच्या आघाताचाच दाब लागतो. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुमारे ११ किलोमीटर व्यासाचा हा आघात दीड अब्जाहून जास्त वर्षांपूर्वीचा. अगदी हीच चूक चंद्रावरही झाली होती. १९७२ च्या एप्रिलमध्ये अपोलो १६ डेकार्टच्या डोंगराळ भागात उतरलं ते तिथे ज्वालामुखीचे खडक मिळतील म्हणून, आणि मिळाले ते आघाताने चुरडून सांधलेले ब्रेशिया. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक हे दोघे वैमानिक होते, पण शिकवणी पक्की होती. अपेक्षेप्रमाणे दिसत नाही, हे त्यांनी तिथूनच सांगायला सुरुवात केली. लोणारचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कारण तिथे खळगा आहे, पाणी आहे, देवळं आहेत. ढाल्याला बघण्यासारखं काही नाही असं लोक म्हणतात. खळगा झिजून गेलाय, उरलेत ते दगड. पण आघाताचा दगड हातात घेऊन ओळखायला शिकायचं असेल, तर तुझ्या घरापासून एका दिवसात जाऊन यावं अशी ती जागा आहे.

यंत्रांविषयी माझं मत विचारलंस, तर मी यंत्रांच्या विरोधात नाही. २०२० मध्ये चांग-ई ५ या चिनी यानाने पावणेदोन किलोच्या आसपास नमुने आणले आणि दोन अब्ज वर्षांपूर्वीचा लाव्हा दाखवला, अपोलोच्या सगळ्या बेसॉल्टपेक्षा तरुण. ती जागा फार विचारपूर्वक निवडली होती. भोवती एकाच लाव्ह्याचं मोठं पटांगण, म्हणजे फ्लोट आला तरी बहुतेक घरचाच. जिथे प्रश्न एक आणि नेमका आहे, तिथे यंत्र पाठवावं. टॉरस-लिट्रोला प्रश्नच चुकीचा घेऊन गेले होते. तरुण ज्वालामुखी शोधायला गेले आणि प्राचीन कारंजं घेऊन आले. बुटाने माती उधळल्यावर आधी ठरवलेला कार्यक्रम बाजूला सारून चर कुठे खणायचा हे ठरवणं, एवढ्या थोड्या वेळात, मला तरी अजून माणसाचंच काम वाटतं. चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, तेही नमुने आणणार आहे. त्याची जागा ठरवणाऱ्यांत, आलेली माती चाळणाऱ्यांत तुझ्या वयाची पोरं असतील. माझी इच्छा आहे, की त्यांच्यातल्या प्रत्येकाने आधी दोन-तीन हिवाळे उन्हात दगडांमागे चाललेले असावेत.

सवय आत्तापासून लाव. अपोलोवाले दगड उचलण्याआधी शेजारी नोमॉन नावाची छोटी तिपाई ठेवत. तिच्यावरून उभी दिशा, आकार आणि खरा रंग कळायचा. आधी फोटो, मग दगड, मग रिकाम्या जागेचा फोटो, आणि क्रमांकाची पिशवी. तू तिपाईऐवजी पट्टी ठेव, उत्तरेकडे बाण ठेव. पिशवीवरचा नंबर आणि वहीतला नंबर त्याच जागी उभं राहून लिहायचे. घरी जाऊन लिहीन म्हटलं, की तो दगड गेला असं समज.

आता तुझा फोटो. चंद्रावरून उडालेले दगड पृथ्वीवर खरंच पडतात. त्यांतला पहिला ओळखला गेला तो १९८२ च्या सुमारास अंटार्क्टिकात सापडलेला, तोही अपोलोचे नमुने शेजारी ठेवून ताडून पाहता आला म्हणून. पण त्यांतला कुठला दगड चंद्रावर नेमक्या कुठल्या खड्ड्यातून निघाला, ते दगड स्वतः सांगत नाही. तुझ्या फोटोत दगड काळा आहे, चकाकतोय आणि त्याला भोकं आहेत. भोकं आणि काचेसारखी चकाकी पाहून मला आधी लोहकीट, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ, आठवलं. आपल्या या पट्ट्यात जुन्या काळी लोखंड गाळायच्या भट्ट्या होत्या, आणि उल्का म्हणून माझ्याकडे आणले गेलेले बहुतेक दगड कीटच निघाले. नुसत्या चुंबकाने निकाल लागणार नाही, कारण कीटही ओढलं जातं आणि चंद्राच्या दगडात तर धातू अगदी कमी असतो. एक कोपरा फोडून ताज्या बाजूचा फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून.

आणि हे आधी कळव: तो दगड तू कुठून उचललास? शेताच्या बांधावरून, नाल्यातून की रस्त्याच्या कडेने? आजूबाजूला तसे आणखी होते का, की एकटाच होता?